नवीन शिकणाऱ्यांसाठी: क्लायंटचा हेअर कलर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा करायचा

कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, डमीवर आणि मैत्रिणींवर हात बसला, आणि आता पार्लरमध्ये पहिली खरी क्लायंट खुर्चीत बसून म्हणतेय की कलर करून द्या. त्या टप्प्यावर असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. ब्रश कसा धरायचा ते थोड्या सरावाने येतं, ते अवघड नाहीये. अवघड आहे ते ब्रश हातात घ्यायच्या आधीचं, म्हणजे विचारपूस, टेस्ट, आणि वेळ आली तर समोरच्या बाईला तोंडावर सांगणं की ताई, आज नाही करता येणार. कलरमध्ये जे वाईट होतं, डोळे सुजणं, टाळूची आग होणं, केस तुटून हातात येणं, त्यातलं बरंचसं आधीच टाळता येतं. म्हणून निम्मा लेख कलर लावायच्या आधीचाच आहे, तो सोडून खाली जाऊ नका.

आधी बोला, आणि मेहंदीचं खोदून विचारा

क्लायंटला आधी खुर्चीत नाही तर दाराजवळ किंवा खिडकीजवळ उभं करा, दिवसाच्या उजेडात केस बघा. पार्लरच्या पिवळ्या लाइटमध्ये सगळेच केस ब्राऊन वाटतात. केस कोरडे, मोकळे, विंचरलेले हवेत. पांढरे किती आणि कुठे आहेत, मुळाचा रंग काय, मधला काय, टोकाचा काय, हे तीन वेगवेगळे बघायचे कारण कधी काळी कलर केलेल्या केसांत ते तीन वेगळेच असतात.

मग प्रश्न. "आधी कलर केलाय का" एवढं विचारून थांबू नका कारण आपल्याकडे याचं उत्तर हमखास "नाही हो, मी फक्त मेहंदी लावते" असं येतं. इथे खरं काम सुरू होतं. कुठली मेहंदी? पानांची साधी, लाल रंग देणारी, की पाकिटातली काळी मेहंदी? काळी मेहंदी म्हणून जे विकलं जातं त्यात बऱ्याचदा पीपीडी म्हणजे पॅराफेनिलीनडायअमिन असतं, म्हणजे ती हेअर डायच असते, फक्त पावडरच्या रूपात. मेहंदीच्या पानाचा स्वतःचा रंग लालसर केशरी, तो अर्ध्या तासात काळाकुट्ट होत नाही, त्यामुळे पटकन काळं करणाऱ्या पाकिटावर घटक वाचायचेच. काकूंना सांगा की पाकीट घरी असेल तर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पुढचा प्रश्न, कशात भिजवता? खूप घरांत अजून लोखंडी कढईत रात्रभर चहाच्या पाण्यात मेहंदी भिजवतात, त्यात लोखंडाचा अंश उतरू शकतो, आणि काही तयार पावडरींमध्ये धातूचे क्षार मिसळलेले असतात. धातू आणि डेव्हलपरमधलं (कलरच्या ट्यूबमध्ये मिसळायचं ते क्रीम) हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आलं की गरम होतं, कधी फेस, वाफ, केस जळण्यापर्यंत जातं. साध्या शुद्ध मेहंदीने असं काही होत नाही पण तिचा रंग केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनलाय त्याला, घट्ट धरून बसतो, ब्लीचने सहज निघत नाही, वर केशरी डाग पडतात, आणि त्यावर नीळ म्हणजे इंडिगो लावलेली असेल तर ब्लीच केल्यावर केस हिरवटसुद्धा होतात. क्लायंटला हे सगळं आधी सांगा, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

बाकीचं पण विचारा आणि लिहून घ्या: केस सरळ किंवा मऊ करायची ट्रीटमेंट, म्हणजे स्मूदनिंग, रिबाँडिंग किंवा केराटिन, कधी केली (केमिकल ट्रीटमेंट आणि कलर यांच्यात किमान दोन आठवडे ठेवा, केस थकलेले असतील तर जास्त), टाळूवर सोरायसिस, फोड, जखम, गजकर्ण आहे का, दमा आहे का, कुठली औषधं चालू आहेत. गरोदर असेल तर आधी डॉक्टरला विचारून यायला सांगा, पहिले तीन महिने बऱ्याच जणी स्वतःच थांबतात आणि ते बरंय. १६ वर्षांखालच्या मुलीला पर्मनंट कलर करू नका, आई सोबत आली असली आणि कितीही म्हणाली तरी. आणि एक प्रश्न जो फार कमी पार्लरमध्ये विचारला जातो: लग्नात किंवा जत्रेत हातावर झटपट काळी होणारी कोनाची मेहंदी काढली होती का आणि तेव्हा हात खाजला का, फोड आले का? त्या काळ्या कोनांमध्ये पीपीडी सापडतं, एकदा त्याने रिअ‍ॅक्शन आलेल्या माणसाला पुढे हेअर कलरने जोरात रिअ‍ॅक्शन येऊ शकते, अगदी काही वर्षांनीसुद्धा. उत्तर हो आलं तर पॅच टेस्टसुद्धा (त्वचेवर कलरचा ठिपका लावून बघायची टेस्ट, ती पुढे येतेय) तुम्ही करू नका, तिला आधी स्किनच्या डॉक्टरकडे पाठवा.

पॅच टेस्ट, प्रत्येक वेळी

ही टेस्ट टाळायची कारणं क्लायंटकडे तयार असतात. मी दहा वर्षं हाच कलर लावते. परवा हळद आहे, वेळ नाही. हा तर अमोनिया फ्री आहे. हर्बल आहे. यातलं एकही चालत नाही. अ‍ॅलर्जी दहा वर्षं काही न होता अकराव्या वर्षी येते, शरीर असंच हळूहळू चिडत जातं आणि एक दिवस उसळतं. अमोनिया फ्री म्हणजे फक्त अमोनिया नाही, त्याच्या जागी बहुतेक वेळा दुसरं अल्कलाइन द्रव्य असतं, वास कमी येतो, पण पीपीडी किंवा त्याच्या जवळचा डाय त्यात असू शकतोच. हर्बल लिहिलेल्या पाकिटाचं पण तेच, पुढचं चित्र नाही, मागचे घटक वाचा. आपल्याकडे कायद्यानेच अशा डायच्या पाकिटावर सूचना छापावी लागते की आधी टेस्ट करा आणि भुवया पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. ती सूचना इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही असते, क्लायंटला वाचून दाखवा, तुमचं सांगणं तिला पटलं नाही तरी छापलेलं पटतं.

करायची कशी? कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला जागा साबणाने धुऊन कोरडी करा, छोटा ठिपका लावा, वाळू द्या. कंपनीप्रमाणे फरक असतो, काही नुसता ट्यूबमधला कलर लावायला सांगतात, काही डेव्हलपर मिसळून, म्हणून त्या कलरसोबतचा कागद वाचा आणि जो कलर लावणार आहात तोच घ्या. पाकिटावरच्या जुन्या सूचनेत २४ तास असतं, बहुतेक कंपन्या आता ४८ सांगतात आणि मीसुद्धा ४८ च धरते कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी आहे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुरू झाली असं होतं. क्लायंटला सांगा की खाज, लाली, पुरळ, सूज, काहीही दिसलं की लगेच धुऊन टाका आणि फोटो पाठवा. दोन दिवसांनी स्वतः बघा. थोडंसं लाल आहे, चालेल, असं नसतं. लाल म्हणजे नाही. दुसऱ्या ब्रँडचा कलर लावून बघू हा विचार पण नको, एका डायला चिडलेली त्वचा त्याच्या भावंडांनाही चिडू शकते, तिथे स्किनच्या डॉक्टरचंच काम.

लग्नसराईत याची खरी परीक्षा असते. तुळशीची लग्नं झाली की बुकिंग सुरू होतात, आणि नवरीची आई, मावशी, आत्या सगळ्या आदल्या दिवशी येतात. म्हणून बुकिंगचा फोन आला तेव्हाच सांगा, कलर करायचा तर दोन दिवस आधी पाच मिनिटं येऊन जा, त्याचे पैसे नाहीत. आणि शक्य तर कलर लग्नाच्या आठवडाभर आधीच उरकून टाका, ब्लीच करून हलके केलेले केस असतील तर हळदीचा पिवळा डाग त्यावर बसतो, तेव्हा हळदीला ते बांधून झाकायला सांगा. एक क्लायंट रागावून दुसऱ्या पार्लरमध्ये गेली तर जाऊ द्या. सुजलेल्या डोळ्यांनी मांडवात उभी राहिलेली बाई तुम्हाला कुठल्याही पैशाने भरून देता येत नाही.

केसांची टेस्ट

मेहंदीची किंवा कुठल्याही अनोळखी पावडरीची शंका असेल तर स्ट्रँड टेस्ट करा. मानेजवळच्या आतल्या थरातले थोडे केस कापा, दोऱ्याने बांधा, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत जे मिश्रण लावणार आहात तेच घेऊन त्यात बुडवा आणि अर्धा तास लक्ष ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे, वाफ, विचित्र वास आला, केस हिरवट झाले किंवा ओढल्यावर तुटले तर डोक्यावर ते मिश्रण जाणार नाही, विषय संपला. मेहंदीचे केस वाढून कापले जाईपर्यंत वाट बघायची. ब्लीच करणार असाल तर ही टेस्ट शंका असो नसो करायचीच, त्यातून केस किती उघडतात म्हणजे हलके होतात आणि किती वेळ लागतो हे पण कळतं.

दुसरी साधी टेस्ट, एक केस ओला करून हलका ताणायचा. ताणून परत जागेवर आला तर ताकद आहे, च्युइंगगमसारखा लांबत गेला किंवा पटकन तुटला तर केमिकल नको.

शेड आणि डेव्हलपर

ट्यूबवरच्या आकड्यात पॉइंटच्या आधीचा आकडा म्हणजे केस किती गडद, त्यालाच लेव्हल म्हणतात, १ काळा आणि १० सगळ्यात फिका. आपल्याकडचे नैसर्गिक केस बहुतेक १ ते ३ मध्येच येतात. पॉइंटनंतरचा आकडा म्हणजे छटा, आणि इथे नवीन लोक फसतात, कारण तो आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. लॉरिआलमध्ये .६ म्हणजे लाल, वेलामध्ये ६ म्हणजे व्हायोलेट, श्वार्झकॉफच्या इगोरामध्ये ६ म्हणजे चॉकलेट. त्यामुळे एका पार्लरमध्ये पाठ केलेला नंबर दुसऱ्या ब्रँडमध्ये लावू नका, त्या ब्रँडचं शेड कार्ड समोर ठेवूनच ठरवा.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२ टक्के. पांढरे झाकायला २०, जवळजवळ नेहमीच. फक्त रंग चढवायचा, केस हलके नाही करायचे, तर १०. ३० व्हॉल्यूमने दोन तीन लेव्हल हलके होतात पण टाळूला लागता कामा नये आणि ४० व्हॉल्यूम तर नवीन असताना बाटलीलाच हात लावू नका. काळे केस उघडताना आतून आधी लाल, मग केशरी, मग पिवळा रंग बाहेर येतो, तो निसर्ग आहे, तुमची चूक नाही, पण क्लायंट मोबाइलमध्ये जो ग्रे ब्लाँड फोटो दाखवते तो काळ्या केसांवर एका बैठकीत होत नाही हे तिला तिथेच सांगा. आणि आधीचा कलर नव्या कलरने हलका होत नाही. गडद बर्गंडी लावलेल्या केसांवर फिका ब्राऊन लावला तर नुसती मुळं उजळ होतात आणि खाली तसंच राहतं.

पांढरे निम्म्याहून जास्त असतील तर नुसती फॅशन शेड, म्हणजे पॉइंटनंतर छटेचा आकडा असलेली, लावू नका, पांढऱ्या केसांवर ती भडक लाल किंवा गुलाबीसर दिसते. त्याच लेव्हलची नॅचरल शेड अर्धी मिसळा.

मांडणी

खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. ब्लीच पावडर डब्यातून काढताना हळू, धूळ उडवू नका, ती छातीत जाते आणि पार्लरमधल्या मुलींना त्यातून दमा लागलेला आहे, हे हलक्यात घ्यायचं नाही. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, प्रत्येक क्लायंटला नवीन, उलटे करून परत वापरायचे नाहीत. धुताना पण ग्लोव्ह्ज, तिथेच सगळ्या जणी काढून टाकतात आणि मग महिन्या दोन महिन्यांत बोटांच्या बेचक्यात खाज आणि चिरा. हात गेले तर धंदा गेला.

बाऊल प्लास्टिकचा. स्टीलची वाटी, स्टीलचा चमचा घरी चालला असेल पण इथे नाही, धातूने पेरॉक्साइड बिघडतं. क्लायंटचे कानातले, चष्मा, हिअरिंग एड काढून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या पण. मंगळसूत्र बऱ्याच बायका काढत नाहीत, आग्रह करू नका, टॉवेलच्या आत नीट सरकवून द्या. गळ्याभोवती टॉवेल, त्यावर केप. कपाळाच्या कडेने, कानावर, मानेवर व्हॅसलीन किंवा बॅरिअर क्रीम, पण केसांना लागू देऊ नका, तिथे कलर चढत नाही.

त्याच दिवशी डोकं खसखसून धुऊन आलेली क्लायंट असेल तर टाळू चुरचुरते. आदल्या दिवशी धुतलेलं बरं. तेल चोपडून आली असेल तर मात्र परत पाठवा किंवा सौम्य शाम्पूने न घासता धुऊन पूर्ण वाळवा. टाळू नखाने किंवा कंगव्याने खाजवू नका.

लावणं आणि वेळ

कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, कानापासून कानापर्यंत दुसरा, चार भाग, क्लिप. हे झाल्यावरच मिश्रण करा, आधी नाही. वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. कलर आणि डेव्हलपरचं प्रमाण श्वार्झकॉफच्या इगोरा रॉयलला आणि वेलाच्या कोलेस्टनला १:१, लॉरिआलच्या माजिरेलला १:१.५, म्हणजे ५० मिलीच्या ट्यूबला ७५ मिली डेव्हलपर. कंबरेपर्यंतचे केस असतील तर सगळं एकदम कालवू नका, दोनदा कालवा, मिसळल्यापासून त्याची ताकद उतरायला लागते.

पांढरे झाकायचे तर जिथे जास्त पांढरे तिथून सुरू करा, बहुतेकींना कानशिलं आणि कपाळाची कड. पातळ पातळ भांग पाडा, अर्धा सेंटीमीटर, कलर भरपूर, मुळांवर थापल्यासारखा नाही तर भिजेल असा. जाड भांग पाडला की मध्ये पांढरी रेष राहते आणि ती घरी गेल्यावर आरशात पहिली दिसते. टचअप असेल तर फक्त वाढलेल्या मुळांवर. जुन्या कलरवर दर महिन्याला पुन्हा पुन्हा कलर चढवला की टोकं काळपट आणि झाडूसारखी होतात. लांबी निस्तेज वाटत असेल तर शेवटची पाचदहा मिनिटं फक्त खाली ओढा.

कधीच कलर न केलेले केस पूर्ण हलके करायचे तर उलट, आधी मधली लांबी, टाळूपासून दोन तीन सेंटीमीटर सोडून, आणि मुळं शेवटी. टाळूच्या उबेने मुळं लवकर उघडतात, आधी लावली तर वर पेटलेली केशरी पट्टी आणि खाली गडद.

वेळ लावून संपल्यापासून मोजा, सुरू केल्यापासून नाही. पांढऱ्यांना साधारण ३५ मिनिटं, चिवट असतील तर काही कलरमध्ये ४५ पर्यंत, पण कागदावर लिहिलंय त्याच्या पुढे नाही. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा पंखा थेट डोक्यावर असेल तर कलर वाळतो, वाळला की काम थांबतं, त्यामुळे पंख्याखाली बसवू नका. मधूनमधून एक बट पुसून बघा. आणि क्लायंटला एकटं सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका, विचारत राहा, आग होतेय का, खाज येतेय का. हलकी चुरचुर काहींना होते. जळजळ, घट्ट ओढल्यासारखं, कान गरम, पापण्या जड, यातलं काही म्हणाली की पाच मिनिटं थांबूया म्हणायचं नाही, सरळ बॅकवॉशला, म्हणजे केस धुवायच्या बेसिनला, न्यायचं आणि भरपूर कोमट पाण्याने धुवायचं. चेहरा सुजायला लागला, श्वास लागला, चक्कर आली तर १०८ ला फोन, आणि कलरचं पाकीट सोबत द्या, डॉक्टरला घटक कळतात. डोळ्यात गेला तर साध्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं सलग धुवा आणि डॉक्टरकडे न्या, गुलाबपाणी वगैरे काही नको.

धुणं आणि नंतरचं

आधी थोडं कोमट पाणी घालून कलर केसांतच दोन तीन मिनिटं हलक्या हाताने फिरवा, कडेचे डागही त्यातच सुटतात. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कलर केलेल्या केसांचा शाम्पू, कंडिशनर. लाइट जायची वेळ माहीत असेल तर गीझर आधी लावून ठेवा, अर्धवट धुतलेला कलर टाळूवर राहणं बरं नाही. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावू नका, आत गॅस धरून बाटली फुटू शकते. पाण्याने पातळ करून टाकून द्या. ट्यूब आणि पावडरी मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात, पोटात गेलेला हेअर डाय जीव घेतो.

क्लायंटला सांगायचं: दोन दिवस शाम्पू नाही, मग सल्फेट फ्री शाम्पू आणि कोमट पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा मग तरी साध्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्या. उन्हात स्कूटरवर जाताना स्कार्फ. घरी गेल्यावर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खाज, सूज आली तर लगेच फोन करा, लाजू नका, असं स्पष्ट शब्दांत सांगा, कारण रिअ‍ॅक्शन उशिरा येते तेव्हा ती तुमच्यासमोर नसते. दोन दिवसांनी तुम्ही स्वतः फोन करा.

आणि ती जायच्या आधी कार्ड भरा. तारीख, ब्रँड, शेड नंबर, किती ग्रॅम, कुठला व्हॉल्यूम, किती मिनिटं, पॅच टेस्टचा निकाल, मेहंदीची हकीकत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणजे चार ते सहा आठवड्यांत ती टचअपला येणार, तेव्हा तुम्ही सुट्टीवर असाल तर दुसऱ्या मुलीला त्या कार्डावरून सगळं कळलं पाहिजे.